वीतभर रेघ

सासऱ्यांच्या गाडीवर रेघ पडली तेव्हा सोमवारचे साडेदहा वाजले होते, आणि सासऱ्यांना गाडी सोपवून जाऊन पुरता तासही झाला नव्हता. रेघ पडली ती डॉक्टरांच्या नव्या पाटीमुळे. दवाखान्यासाठी स्टीलची पाटी करून आली होती. डॉक्टर ती बगलेत धरून फाटकातून आत आले, कडी लावायला एक हात मोकळा हवा म्हणून त्यांनी पाटी क्षणभर बॉनेटवर टेकवली, आणि पाटीने टेकून राहायला नकार दिला. कर्रकन आवाज झाला. डॉक्टरांनी पाटी उचलून पाहिलं, तर खाली वीतभर लांबीची पांढरी रेघ होती. पाटीवर ठळक अक्षरांत 'वेदनारहित उपचार' असं लिहिलेलं होतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर आणि पुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढं अंगण, असा त्यांचा संसार. सासऱ्यांच्या इमारतीत पार्किंगची फरशी उखडली होती आणि सासरे आठवडाभर धाकट्या भावाकडे निघाले होते, म्हणून डॉक्टरांनी स्वतःची गाडी रस्त्यावर काढून सासऱ्यांच्या गाडीला अंगणात जागा करून दिली होती. गाडी अठरा वर्षांची. मूळचा रंग निळा, पण उन्हाने तो इतका चोखून घेतला होता की आता ती नीळ घालून धुतलेल्या जुन्या सदऱ्यासारखी दिसे.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले, आणि निवृत्तीनंतर तराजू संपले तरी तपासणी चालूच राहिली. किल्ली देताना ते म्हणाले होते, "हलवू नका, धुऊ नका आणि झाकूही नका. कापडाने चरे पडतात." एवढ्या सूचना ऐकूनही डॉक्टरांना आनंदच झाला होता, आणि त्याला कारण होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासऱ्यांनी या जावयाला एकही दात दाखवला नव्हता. दात दुखला की ते गाडी काढून थेट पुलापलीकडच्या डॉक्टरकडे जात. घरातच डॉक्टर असताना पुलापलीकडे कशाला, असं चारचौघांत कुणी विचारलं, तर ते शांतपणे सांगत, "डॉक्टर चांगले असतील. पण हात कसा आहे ते मला माहीत नाही." यावर सगळे हसत, डॉक्टरही हसत. मात्र त्यांना ते फार लागायचं. गावातले तोंड उघडणारे सगळे त्यांच्याकडे तोंड उघडत होते आणि घरचा एक माणूस ओठ मिटून बसला होता. किल्ली हातात पडली तेव्हा त्यांना वाटलं, सुरुवात तर झाली. आज किल्ली दिली, उद्या दाढ देतील.

आणि तासाभरात ही रेघ.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. दुपारी घरी आल्यावर तिने रेघ पाहिली, पाटी पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबांना फोन करून सांगून टाका," ती म्हणाली. "ओरडतील आणि गप्प बसतील."

"ओरडले तर चाललं असतं," डॉक्टर म्हणाले. "ते ओरडणार नाहीत. ते म्हणतील, आता कळला हात कसा आहे ते."

बाबा नेमकं हेच म्हणाले असते, हे बायकोलाही माहीत होतं. डॉक्टर दवाखान्यातून दात तपासायची आकडी घेऊन आले आणि बॉनेटवर वाकून त्यांनी ती रेघेवरून हळूच फिरवली. आकडी कुठे अडकली नाही. म्हणजे कीड खोल नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग दात चकचकीत करायची पेस्ट आणि छोटा ब्रश आणून त्यांनी रेघेवर पंधरा मिनिटं काम केलं. त्याने रेघ गेली नाही, ती चकचकीत झाली.

तेव्हा त्यांनी पेंटरला बोलावलं. बाजाराच्या मागे त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. गेल्या वर्षी त्याची सुजलेली दाढ डॉक्टरांनी वाचवली होती, तेव्हापासून डॉक्टरांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने खिशातून फडकं काढलं, बॉनेटवर घासलं आणि निळं झालेलं फडकं डॉक्टरांना दाखवलं.

"जुना रंग आहे. यावर लॅकरचा वेगळा पारदर्शक थर नाही, जे आहे ते एवढंच," तो म्हणाला. "रेघ वरच्यावर आहे. मशीनने ओलं घासून निघेल. पण माझ्याकडे तीन गाड्या उभ्या आहेत. पुढच्या सोमवारी बघू."

सासरे रविवारी येणार होते. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मी केलं तर?"

पेंटरने त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग तो गॅरेजमध्ये गेला आणि बॅटरीवर चालणारं एक घासायचं मशीन, दोन हजार आणि तीन हजार नंबरच्या घासायच्या पेपरच्या गोल चकत्या, स्पंजाची चकती, पॉलिशचा डबा, चिकटपट्टीचं रीळ आणि भंगारातलं एक मडगार्ड घेऊन आला. मडगार्ड सरावासाठी. नियम त्याने तोंडी सांगितले आणि डॉक्टरांनी ते औषधं लिहायच्या कागदावर लिहून घेतले. मशीन आधी टेकवायचं आणि मग चालू करायचं. वेग कमी. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. तिरकं धरायचं नाही आणि एका जागी थांबायचं नाही. पाणी फवाऱ्याने, पृष्ठभाग ओलसर राहील एवढंच. दर दोन फेऱ्यांनी पुसून बघायचं. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. कडांवर आणि उठलेल्या रेषांवर चिकटपट्टी लावायची, कारण तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

"वहीच्या पानाहून पातळ थर आहे डॉक्टर," तो म्हणाला. "पान फाटलं की खाली अस्तर दिसतं. मग माझ्याकडेही इलाज नाही."

डॉक्टरांना एकदम घरच्यासारखं वाटलं. पाण्याचा फवारा, हलका हात, कमी वेग, चष्मा, मास्क, आणि खालच्या थराला धक्का लावायचा नाही. हे तर ते पंचवीस वर्षं करतच आले होते, फक्त समोरचं तोंड आता जरा मोठं होतं.

मंगळवारी त्यांनी मडगार्डावर सराव केला. अंगणात शेजाऱ्यांची नजर म्हणून त्यांनी मडगार्ड दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेलं आणि दोन पेशंटच्या मधे दहा-दहा मिनिटं घासायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं झाली तेव्हा बाहेर तिघे बसले होते. आतून गुरगुर सुरू झाली, मधेच थांबली, पाणी फवारल्याचा आवाज आला, पुन्हा गुरगुर सुरू झाली. एका बाईंनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं की आत कोण आहे. मुलगी खरं तेच बोलली, आत कुणीच नाही म्हणाली. तिघांपैकी दोघांना अचानक बरं वाटू लागलं आणि ते उठून गेले. तिसऱ्याला ऐकू कमी येत होतं म्हणून तो राहिला.

बुधवारी दुपारी डॉक्टरांनी रेघेभोवती चिकटपट्टीचा चौकोन केला, मशीन टेकवलं आणि मग चालू केलं. चकतीखालून निळसर पाणी निघू लागलं. दोन फेऱ्यांनंतर त्यांनी पुसून पाहिलं. रेघ फिकी झाली होती, पण तिच्याभोवतीचा सगळा चौकोन खडूने रंगवल्यासारखा पांढुरका झाला होता. पेंटरने हे सांगितलं होतं, कागदावर लिहिलेलंही होतं: घासल्यावर निस्तेज दिसेल, घाबरू नये. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि घाबरायचं थांबवलं. मग तीन हजार नंबर, मग स्पंजाची चकती आणि पॉलिश. तासाभराने त्यांनी चौकोन पुसला. रेघ नव्हती. आकडी घेऊन शोधली तरी नव्हती. चौकोनात डॉक्टरांना स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावर गेल्या तीन दिवसांतलं पहिलं हसू होतं.

त्यांनी वर हाक मारली. बायको गॅलरीत आली आणि कठड्यावरून वाकून पाहू लागली.

"अहो," ती म्हणाली, "रेघ होती तेव्हा जवळ गेल्यावर दिसायची. आता इथून दिसतेय."

डॉक्टर चार पावलं मागे सरले आणि त्यांना ते दिसलं. अठरा वर्षांच्या धुरकट बॉनेटच्या मधोमध गडद निळ्या रंगाची एक लखलखीत चौकट उमटली होती. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी कशी असेल ते तेवढ्या चौकटीत कळत होतं, आणि आज तिचं काय झालं आहे ते उरलेल्या बॉनेटवर कळत होतं. संध्याकाळी सात वाजता रोजच्यासारखा सासऱ्यांचा फोन आला. गाडी कशी आहे, त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आहे तिथेच आहे. हे खरं होतं.

गुरुवारी त्यांनी अख्खं बॉनेट केलं. ते करण्यावाचून गत्यंतर नव्हतं हे बायकोलाही पटलं. पण बॉनेट झाल्याबरोबर दोन्ही बाजूंची मडगार्डं कळकट दिसू लागली. यात डॉक्टरांना नवल वाटलं नाही. एक दात पांढरा केला की शेजारचे पिवळे दिसतात, हे ते पेशंटना रोज समजावत, आणि म्हणून समोरचे सहाच्या सहा करून घ्या असा सल्ला देत. तो सल्ला किती रास्त होता हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. त्यांनी मडगार्डं केली. मडगार्डांमुळे पुढची दारं गेली, आणि पुढच्या दारांमुळे मागच्या दारांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

शुक्रवारी दवाखान्याच्या दारावर 'अपरिहार्य कारणास्तव बंद' अशी चिठ्ठी लागली. अपरिहार्य कारण दारासमोरच उभं होतं आणि डॉक्टर चष्मा, मास्क, हातमोजे घालून त्याच्यावर वाकले होते. वेळ घेऊन आलेले एक गृहस्थ गाल धरून फाटकाशी थबकले. त्यांना परत पाठवणं डॉक्टरांच्या जिवावर आलं. त्यांनी तिथेच गृहस्थांना तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हातमोजे बदलून पुन्हा दाराकडे वळले. गृहस्थांनी जाताना विचारलं की हे दुसरं काम कधीपासून सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून.

घात झाला तो त्याच दुपारी. मागच्या डाव्या दारावर मधोमध एक उठलेली रेषा होती. तिच्यावर चिकटपट्टी लावायची हे कागदावर लिहिलं होतं आणि डॉक्टरांनी ती लावलीही होती. पण पट्टी काढल्यावर तिच्याखालचा भाग जुनाच राहिला आणि दारभर एक धुरकट पट्टा दिसू लागला. डॉक्टरांना तो पट्टा बघवेना. पुढच्या दारांवर त्यांनी तो हाताने घासून काढला होता. आता तीन दिवसांचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी मशीन उचललं, थोडं तिरकं धरलं आणि रेषेवरून एकच फेरी मारली. पुसून पाहिलं तर रेषेवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तो पॉलिशने जाणारा नव्हता. ते अस्तर होतं.

डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं आणि ते पायरीवर बसून राहिले. दात कोरता कोरता खालची नस उघडी पडली, तर जे वाटतं तेच त्यांना वाटत होतं, आणि इथे तर भूल द्यायचीही सोय नव्हती. बायको पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली. तिने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी पेंटर आला. त्याने ठिपका पाहिला, कागद मागून घेतला आणि चिकटपट्टीच्या नियमावर बोट ठेवून तो कागद परत दिला. मग त्याने तीन डब्यांतला रंग थेंबथेंब मिसळून निळा जुळवला आणि अगदी बारीक ब्रशाने ठिपक्यावर टेकवला. डॉक्टर आत धावले आणि दातात भरलेलं सिमेंट पक्कं करायचा निळ्या उजेडाचा दिवा घेऊन आले. त्यांनी तो ठिपक्यावर धरला आणि सवयीने वीस आकडे मोजले. पेंटरने ते पूर्ण होऊ दिले.

"हा रंग हवेने वाळतो, डॉक्टर," तो म्हणाला. "पण असू द्या. दिसतंय छान."

सातला फोन आला तो बायकोने घेतला. बाबांची उजवीकडची एक दाढ कालपासून दुखत होती. आल्यावर सोमवारी पुलापलीकडे वेळ घेतो, ते म्हणाले. हे जावयाला सांगू नको असंही म्हणाले, पण फोनचा आवाज मोठा होता आणि डॉक्टर शेजारीच बसले होते. त्यांनी फोन स्वतःकडे घेतला. गाडी कशी आहे, सासऱ्यांनी विचारलं.

"सुधारणा आहे," डॉक्टरांच्या तोंडून गेलं.

"कशात?"

"हवेत. दोन दिवस फार उकाडा होता."

त्या फोनने डॉक्टरांच्या अंगात नवं बळ आलं. आता ही रेघ लपवायची गोष्ट राहिली नव्हती. ठणकणारी एक दाढ गावाच्या दिशेने निघाली होती, आणि ती पूल ओलांडणार की नाही हे या गाडीवर ठरणार होतं. हात कसा आहे ते माहीत नाही म्हणता ना, मग बघाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. शनिवारी त्यांनी डिकी केली आणि स्टुलावर चढून छप्पर केलं. सोमवारी फोन करून सांगून टाका म्हणणारी बायको आता हातात पाण्याचा फवारा घेऊन त्यांच्यामागे फिरत होती आणि इथे राहिलंय, तिथे राहिलंय असं बोटाने दाखवत होती. मागच्या दिव्यांखालची चार बोटांची जागा तिनेच शोधून काढली. रविवारी दुपारी दोन वाजता काम संपलं. डॉक्टरांचा उजवा खांदा कानापर्यंत आला होता आणि नखांत निळा रंग होता. अंगणात निळ्याशार रंगाची एक गाडी उभी होती आणि तिच्यात समोरच्या घराच्या खिडक्या मोजता येत होत्या.

चार वाजता सासरे आले. उजव्या गालाला हातरुमाल लावलेला होता. ते फाटकातून आत शिरले, गाडीवरून नजर फिरवून सरळ पायऱ्या चढले आणि दारात उभ्या असलेल्या जावयाला म्हणाले, "पाहुणे आलेत का? माझी गाडी कुठे लावलीत?"

डॉक्टरांनी गाडीकडे बोट केलं. सासरे वळले. त्यांनी नंबर वाचला, जवळ जाऊन पुन्हा वाचला, आणि मग खिशातून चष्मा काढला. पुढची वीस मिनिटं खात्यातले निरीक्षक कामावर होते. त्यांनी बॉनेटवरून तळहात फिरवला. उकिडवं बसून दारांच्या कडेने तिरकं बघितलं. डावीकडच्या मागच्या दाराशी ते थांबले आणि डॉक्टरांचा श्वासही थांबला, पण सासरे पुढे सरकले. डिकीशी त्यांनी रुमाल गालावरून काढला, छपराची कड पुसली आणि रुमाल निरखून पाहिला. शेवटी ते पायऱ्यांपाशी आले.

"कुणी केलं हे?"

"पेंटरने—" बायकोने सुरुवात केली. ते असंच सांगायचं दोघांचं ठरलं होतं. पण आठवडाभर घासून स्वतःच्या हाताचं श्रेय दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना ते झेपलं नाही.

"मी केलं," ते म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी पाटी, रेघ, चौकट, मडगार्डं, सगळं ओळीने सांगून टाकलं. दारावरचा पांढरा ठिपकासुद्धा लपवून ठेवला नाही. सासरे मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते पुन्हा मागच्या दाराशी गेले, ठिपका शोधत राहिले आणि तो न सापडता परत आले.

"हात चांगला आहे तुमचा, जावईबापू," ते म्हणाले. "हलका आहे. एवढ्या कामात कुठे दाब पडलेला नाही. मी उगाच म्हणणार नाही."

बावीस वर्षांनी हे वाक्य ऐकायला मिळालं होतं आणि डॉक्टरांचे डोळे खरोखर भरून आले. बायकोनेही पदराआड हसू लपवलं. सासऱ्यांचा हात नकळत पुन्हा गालाकडे गेला, आणि लोखंड तापलेलं आहे हे डॉक्टरांच्या लक्षात आलं.

"मग दाढ बघू या का?" ते शक्य तितक्या सहजपणे म्हणाले. "खाली सगळं तयार आहे. पाच मिनिटांचं काम."

सासऱ्यांनी पायरीवर बसून विचार केला. दाढ बहुधा चांगलीच ठणकत होती, कारण त्यांनी दवाखान्याच्या दाराकडे दोनदा पाहिलं.

"रेघ केवढी होती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"वीतभर."

"आणि घासलंत काय काय?"

"बॉनेट," डॉक्टर म्हणाले. "मग मडगार्डं. चार दारं. डिकी. छप्पर."

"दिव्यांखालचा भाग राहिला होता, बाबा," बायको उत्साहाने म्हणाली. "तोसुद्धा केला."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आजवर कधी नव्हती एवढी माया होती.

"माझी एक दाढ दुखतेय," ते म्हणाले. "तोंडात सगळे मिळून अकरा दात उरलेत. मला जेवायला लागतात ते."

सोमवारी संध्याकाळी पाचची वेळ होती. गाल ठणकत असताना गाडी चालवणं बरं नाही म्हणून सासऱ्यांनी किल्ली जावयाच्या हातात दिली, आणि डॉक्टरांनी स्वतः लखलखीत केलेल्या गाडीतून सासऱ्यांना पूल ओलांडून पलीकडच्या डॉक्टरकडे नेलं. आत सासरे खुर्चीत, बाहेर डॉक्टर पेशंटच्या बाकावर, अशी अर्धा तास व्यवस्था होती. पेशंटसोबत आलेल्या माणसाला बाहेर बसून घाम का फुटतो, हे त्यांना त्या बाकावर बसल्यावर कळलं. आतून एकदाही गुरगुर ऐकू आली नाही. ऐकू आला तो फक्त ट्रेमध्ये काहीतरी टाकल्याचा टणकन आवाज. म्हणजे दाढ काढली होती. आपण ती वाचवली असती असं डॉक्टरांना वाटलं आणि ते भिंतीवरचा दात घासण्याचा तक्ता वाचत बसले.

पुलापलीकडचे डॉक्टर सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आले. सासऱ्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि ते सरळ गाडीत जाऊन बसले. पुलापलीकडच्या डॉक्टरांनी मात्र बाकावरच्या माणसाला नमस्कार केला आणि त्याला बाजूला घेतलं.

"भूल चढेपर्यंत तुमचे सासरे तुमच्याबद्दलच बोलत होते," ते म्हणाले. "माझ्या गाडीच्या मागच्या दारावर एक ओरखडा आहे. म्हणाले, डोळे मिटून जावयाच्या हातात द्या. तसा हात गावात नाही."

हे वाक्य ज्या गोष्टीबद्दल ऐकायचं होतं त्या गोष्टीबद्दल ते नव्हतं, पण वाक्य तेच होतं. डॉक्टरांच्या छातीत काहीतरी दुखलं आणि त्याच जागी बरंही वाटलं. ते बाहेर आले. पुलापलीकडच्या डॉक्टरांची गाडी राखाडी रंगाची होती, सात-आठ वर्षांची. मागच्या दारावर खरंच एक ओरखडा होता, बोटभर, वरच्यावर. डॉक्टरांनी तो पाहिला. मग त्यांनी पुढचं दार पाहिलं, बॉनेट पाहिलं, आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"एकच आहे," पुलापलीकडचे डॉक्टर म्हणाले. "तासाभराचं काम असेल ना?"

"आठवडाभर ठेवून जा," डॉक्टर म्हणाले.

पुलापलीकडच्या डॉक्टरांनी जरा चमकून गाडीत बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी काच खाली केलेली होती आणि त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पण त्यांच्या तोंडात कापूस होता, आणि अर्धा तास एक शब्दही बोलायचा नाही असं त्यांना नुकतंच बजावलेलं होतं.